गेम सुरू केला की स्क्रीन काळी पडते, पंखे जोरात फिरतात. ग्राफिक्स कार्ड गेलं का?

डेस्कटॉपवर सगळं सुरळीत चालत असेल तर कार्डाआधी एसएमपीएसवर, म्हणजे पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्यावर, संशय घ्या. मी पुण्यात पीसी दुरुस्तीचंच काम करतो. गेममध्ये कार्ड क्षणभर नेहमीपेक्षा बरीच जास्त वीज ओढतं आणि स्वस्तातला किंवा जुना एसएमपीएस नेमका तिथेच मान टाकतो. कार्डावर ८ पिनची दोन सॉकेट असतील तर एकाच केबलला फुटलेले दोन्ही प्लग खोचू नका, दोन स्वतंत्र केबल लावा. असेंबल करणारे इथे हमखास कंटाळा करतात. मग विंडोजचा इव्हेंट व्ह्यूअर (बिघाडांची नोंदवही) उघडून यातली कुठली नोंद दिसते ते बघा:

- कर्नल-पॉवर ४१: मशीन अचानक बंद पडलं, अनेकदा कारण वीजपुरवठा, पण एवढ्यावरून शिक्कामोर्तब नको.
- डिस्प्ले ४१०१: ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) अडकला. विंडोज सेफ मोडमध्ये सुरू करून डीडीयूने (ड्रायव्हर पुसून काढणारं सॉफ्टवेअर) तो काढा आणि नवा टाका.

शक्य असल्यास मित्राच्या पीसीत कार्ड लावून बघा, यापेक्षा पक्की चाचणी नाही. मात्र विंडोज सुरू होण्याआधीच्या बायोसच्या स्क्रीनवरच रंगीत चौकोन किंवा रेघा दिसत असतील आणि मॉनिटर, केबल बदलूनही जात नसतील, तर दोष जवळपास नक्की कार्डाचाच. तसं असेल तर तापकीर गल्ली (पुण्यातला इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार) गाठण्याआधी बिल शोधा. वॉरंटीतलं कार्ड बाहेर उघडलं की दावा अडतो.