एका राउटरला तीन एक्स्टर्नल हार्ड डिस्क जोडून घरात सगळ्यांना वापरता येतील का?

जोडता येतील. पण माझं मत विचाराल तर दोनच जोडा. तिसरी का नको ते पुढे सांगतो.

आधी तुमची अडचण. तुमच्याकडे हातात मावणाऱ्या दोन छोट्या डिस्क आहेत, तिसरी स्वतःच्या अडॅप्टरवर चालणारी मोठी आहे आणि राउटरला यूएसबी पोर्ट एकच. साधा हब, म्हणजे एका पोर्टचे अनेक करणारा डबा, लावून एक छोटी डिस्क जोडली की ती दिसते, दुसरी जोडली की दोन्ही गायब होतात. सेटिंगमध्ये शोधण्याआधी वीज तपासा, कारण या लक्षणावरून बहुधा तीच कमी पडतेय. यूएसबी २.० च्या पोर्टकडून ५०० मिलिअँपिअर आणि ३.० कडून ९०० मिलिअँपिअर एवढीच वीज अपेक्षित असते. छोट्या डिस्कची मोटर सुरू होताना एकटीच त्याच्या आसपास किंवा जास्त खेचते. साधा हब ती तेवढीच वीज दोघींत वाटतो. डिस्कमधून टिक-टिक आवाज येऊन ती पुन्हापुन्हा सुरू होत असेल तर लगेच काढा. अशा अवस्थेत ती चालू ठेवणं तिच्या तब्येतीला चांगलं नाही.

यावर उपाय म्हणजे स्वतःचा अडॅप्टर असलेला हब. घेताना पोर्ट किती आहेत यापेक्षा अडॅप्टर किती अँपिअरचा आहे ते वाचा. प्रत्येक छोट्या डिस्कला निदान एक अँपिअर धरा आणि वर थोडी शिल्लक ठेवा. मोठी डिस्क हबवर भार टाकत नाही, तिची वीज तिच्या अडॅप्टरमधून येते.

आता आपल्याकडची खास गोष्ट, जी परदेशी माहितीत सहसा सापडत नाही. लाइट गेली तरी नेट चालू राहावं म्हणून बऱ्याच घरांत राउटरला १२ व्होल्टचा छोटा यूपीएस लावलेला असतो. लाइट जाते तेव्हा राउटर चालूच राहतो, पण हबचा आणि मोठ्या डिस्कचा अडॅप्टर भिंतीवरच्या साध्या सॉकेटमध्ये असतो. म्हणजे फाइल लिहिली जात असताना डिस्क बंद पडते आणि राउटरला ती नीट बंद करायची संधीच मिळत नाही. फॉरमॅट म्हणजे डिस्कवर फाइली मांडून ठेवण्याची पद्धत. त्यातल्या एक्सफॅट फॉरमॅटमध्ये बदलांची नोंदवही, म्हणजे जर्नल, नसते. तिथे अशा धक्क्याने फोल्डरच वाचता न येण्याची पाळी येऊ शकते. एनटीएफएस (विंडोजचा फॉरमॅट) आणि ईएक्सटी४ (लिनक्सचा) यांच्यात जर्नल असतं, त्यामुळे ते जास्त सावरतात, पण अर्धवट लिहिलेली फाइल तेही परत आणू शकत नाहीत. म्हणून राउटर, हब आणि मोठी डिस्क हे तिन्ही एकाच इन्व्हर्टरच्या पॉइंटवर घ्या. ते जमत नसेल तर राउटरवरच्या डिस्क फक्त वाचण्यासाठी वापरा आणि नवीन फाइली थेट लॅपटॉपला जोडून भरा.

फॉरमॅटचं बाकी थोडक्यात. फॅट३२ मध्ये ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही, त्यामुळे सिनेमांसाठी ते बाद. जुने राउटर एक्सफॅट ओळखत नाहीत, एनटीएफएस बहुतेक ओळखतात. विंडोजचं फास्ट स्टार्टअप, म्हणजे लॅपटॉप पूर्ण बंद न करता पुढच्या वेळी लवकर सुरू करण्याची सोय, चालू असताना लॅपटॉप बंद करून डिस्क काढली, तर राउटर ती कधीकधी फक्त वाचण्यापुरती उघडतो. डिस्क दिसते पण काही लिहिता येत नाही, असं झालं तर आधी हे पाहा. डिस्क काढताना प्रत्येक वेळी 'सेफली रिमूव्ह' करा.

डिस्क राउटरच्या सेटिंगच्या पानावर दिसते आणि विंडोजमधून मात्र उघडत नाही, अशी तक्रार फार जणांची असते. त्याचं कारण बऱ्याचदा एसएमबी १ असतं. फाइल शेअर करण्याची ही जुनी पद्धत. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस तिच्यातल्याच त्रुटीतून जगभर पसरला. त्याच वर्षी आलेल्या विंडोज १० च्या १७०९ आवृत्तीपासून नव्याने टाकलेल्या विंडोजमध्ये ती एकतर येत नाही किंवा वापरली नाही तर काही दिवसांत आपोआप निघून जाते. कित्येक जुने राउटर मात्र अजून तेवढंच बोलतात. 'विंडोजमध्ये एसएमबी १ चालू करा' असा सल्ला तुम्हाला जागोजागी मिळेल. कृपा करून तो ऐकू नका. आधी राउटरचं फर्मवेअर, म्हणजे त्याच्या आतलं सॉफ्टवेअर, अद्ययावत करा. तरी जमलं नाही आणि तुमचं मॉडेल ओपनडब्ल्यूआरटी या राउटरसाठीच्या मोफत फर्मवेअरच्या यादीत असेल, तर ते टाकून एसएमबीची नवी आवृत्ती मिळवता येते. तिथे डिस्क यूयूआयडीने, म्हणजे प्रत्येक डिस्कच्या वेगळ्या ओळख क्रमांकाने, जोडा, नाहीतर राउटर पुन्हा सुरू झाल्यावर एकीच्या जागी दुसरी येऊन बसते.

वेगाबद्दल फार आशा ठेवू नका. राउटरचे लॅन पोर्ट १०० एमबीपीएसचे असतील तर सेकंदाला ११-१२ एमबीच्या वर जाणार नाही. गिगाबिट पोर्ट असले तरी राउटरचा छोटा प्रोसेसर आडवा येतो, एनटीएफएसवर लिहिताना तर विशेष. सिनेमा पाहायला एवढं पुरतं. यूएसबी ३.० च्या केबलमधून २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायला अडथळा होतो, हे इंटेलने २०१२ मध्येच मांडलं होतं. त्यामुळे हब अँटेनाला चिकटून ठेवू नका, आणि लॅपटॉप व टीव्ही ५ गिगाहर्ट्झवर घ्या. टीव्हीसाठी राउटरमधला डीएलएनए किंवा मीडिया सर्व्हर, म्हणजे डिस्कवरचे सिनेमे टीव्हीला दाखवणारी सोय, चालू केला की काम होतं. आयफोनवर आयओएस १३ पासून फाइल्स अ‍ॅपमधूनच सर्व्हरला जोडता येतं.

आता तिसरी डिस्क. जी डिस्क दिवसरात्र नेटवर्कवर आहे ती बॅकअप नाही. लॅपटॉपमध्ये खंडणीवाला व्हायरस शिरला तर तो नेटवर्क ड्राइव्ह म्हणून जोडलेल्या फाइलींपर्यंतही पोहोचतो. चुकून डिलीट झालेलं घरात सगळीकडून एकदमच जातं. आईवडिलांचे फोटो, घराची कागदपत्रं यांच्यासाठी मी तरी हा धोका पत्करणार नाही. मोठी डिस्क सिनेमा-गाण्यांसाठी राउटरला लावा, एक छोटी घरच्या रोजच्या फाइलींसाठी. दुसरी छोटी कपाटात ठेवा आणि महिन्यातून एकदा लॅपटॉपला जोडून तिच्यावर प्रत घ्या.

राउटरवर पाहुण्यांसाठीचा बिनपासवर्डचा प्रवेश बंद ठेवा. इंटरनेटवरून एफटीपी, म्हणजे बाहेरून डिस्कवरच्या फाइली उघडण्याची जुनी पद्धत, चालू करण्याचा पर्याय असेल तर तोही बंदच. राउटरचा मूळ अ‍ॅडमिन पासवर्ड बदला.

हब विकत घेण्याआधी एक गोष्ट तपासून पाहा. तुमच्याकडचाच साधा हब राउटरला लावा, त्यात मोठी डिस्क आणि एक साधा पेनड्राइव्ह जोडा. दोघांना मिळून वीज फारच कमी लागते. राउटरच्या यूएसबीच्या पानावर दोन्ही दिसले तर राउटर हब ओळखतो, आणि अडॅप्टरवाल्या हबने तुमचं काम होईल. एकच दिसला तर तुमच्या राउटरचं फर्मवेअर एकापेक्षा जास्त डिस्क घेत नसावं. मग राउटरसाठी हबवर पैसे घालू नका. त्याऐवजी रास्पबेरी पाय ४ या छोट्या संगणकावर ओपनमीडियाव्हॉल्ट हे फाइल शेअर करण्याचं मोफत सॉफ्टवेअर टाकून तो केबलने राउटरला जोडा. त्याच्या चारही यूएसबी पोर्टना मिळून १.२ अँपिअरच मिळतात, म्हणून दोन्ही छोट्या डिस्क तिथे लावायच्या तर अडॅप्टरवाला हब मात्र तिथेही लागेल.