पहिलं आरसी, म्हणजे रिमोटवर उडणारं विमान कुठलं घ्यावं? स्पिटफायर तरी नको

तुम्ही विचारलंय की बजेट १५ हजार आहे, ११ वर्षांच्या मुलासोबत शिकायचंय, दोघांनीही आधी काहीच उडवलेलं नाही, आणि मुलाचा जीव स्पिटफायरवर (दुसऱ्या महायुद्धातल्या लढाऊ विमानाच्या मॉडेलवर) जडलाय तर तेच घेऊन टाकू का.

नका घेऊ. भिंतीवर टांगायला हवं असेल तर खुशाल घ्या. मी हाच उद्योग केलेला, फक्त माझं मस्टँग होतं, पी-५१, तेही लढाऊ विमानाचंच मॉडेल, एका कॉलेजच्या पोराकडून सेकंडहँड घेतलेलं, चंदेरी रंग, नाकावर शार्कचे दात, सहा हजार दिले आणि घरी साडेतीन सांगितले. कोल्हापूरच्या बाजूला मामांचं शेत आहे, त्याच्या वरच्या अंगाला मुरमाड माळ, तिथे रविवारी सकाळी गेलो, मामेभावाने फेकलं, विमान डावीकडे कललं, मी घाबरून रिमोटची स्टिक पोटाशी ओढली, ते आणखी कललं आणि नाक खाली घालून मुरमात. भाच्याने काढलेला व्हिडिओ अजून आहे, एकूण ११ सेकंदांचा, त्यातले चार तर फेकायच्या आधीचेच.

तेव्हा वाटलं विमानच खराब. ते तसं नसतं. लढाऊ विमानांच्या मॉडेलचा पंख खाली असतो, पंख आखूड आणि वजन जास्त, त्यामुळे त्यांना हवेत राहायला स्पीड लागतो, आणि स्पीड कमी असताना आपण नाक वर ओढलं की पंखावरची हवा सुटते, त्यातही एका बाजूची आधी, मग विमान त्या बाजूला कोलमडतं. याला स्टॉल म्हणतात. नवशिक्याचा हात घाबरला की पोटाकडेच जातो, म्हणजे नेमकी तीच चूक करतो. स्पिटफायरची तर चाकंही जवळजवळ असतात, जमिनीवर धावतानाच कलंडतं ते.

तर पहिलं विमान बघताना दिसण्याकडे बघू नका, चार गोष्टी बघा. पंख धडाच्या वर पाहिजे, म्हणजे विमान स्वतःहून सरळ व्हायला बघतं. पंख समोरून बघितला तर किंचित व्ही सारखा उचललेला पाहिजे, त्याला डायहेड्रल म्हणतात, एक बाजू खाली गेली की तीच बाजू जास्त उचलली जाते. मोटर शक्यतो मागे तोंड करून पंखाच्या वर-मागे बसवलेली, कारण तुम्ही नाकावर पडणार हे नक्की आहे आणि मोटर पुढे असली की दर वेळी प्रॉप (पुढचा पंखा) आणि शाफ्ट (मोटरचा दांडा) जातो. आणि पंख रबरबँडने बांधलेला असला तर सोन्याहून पिवळं, आपटल्यावर तो सुटून बाजूला पडतो, मोडत नाही. स्क्रूने घट्ट बसवलेला पंख बुडापासून फाटतो, अनुभव आहे.

मटेरियल ईपीओ फोम. हा थर्माकोलसारखा दिसतो पण चिवट असतो, फेविक्विकने चिकटतो (साध्या थर्माकोलला फेविक्विक लावू नका, ते खाऊन टाकतं, भोक पडतं), आणि नाक चेपलं तर वरून उकळतं पाणी ओतायचं, फोम परत फुगतो. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला जादूच वाटली, बायको म्हणाली चहाचं आधण ठेवलं होतं ते कुठे गेलं.

आता नावं. जगभर नवशिक्यांना सांगतात ती म्हणजे मल्टिप्लेक्सचं ईझीस्टार, त्याच घडणीचं बिक्सलर, किंवा हॉबीझोनचं एरोस्काउट, तिन्हींची मोटर मागे. चांगली आहेत, पण आपल्याकडे एक तर मिळत नाहीत किंवा मिळाली तर तुमचं बजेट पहिल्याच विमानात संपतं. परदेशातून तयार विमान मागवायच्या भानगडीत पडू नका. २०२२ च्या फेब्रुवारीत सरकारने तयार ड्रोनच्या आयातीवर बंदी घातली, सुट्या पार्टवर नाही, आणि आपलं पार्सल ड्रोन आहे की खेळणं हे समजावत बसायची ताकद कुणाकडे आहे. इथल्या दुकानदाराकडे स्टॉकमध्ये जे हाय विंग ट्रेनर, म्हणजे वर पंख असलेलं शिकायचं विमान आहे ते घ्या, आणि त्याआधी एकच प्रश्न विचारा, याचा पंख आणि शेपूट वेगळं विकत मिळतं का? नाही म्हणाला तर फोन ठेवा.

व्होलान्टेक्सचं स्पोर्ट कब ५०० पण खूप जण घेतात, अर्ध्या मीटरचा पंख, आत जायरो (विमान आपोआप सरळ ठेवायला बघणारा सेन्सर), डब्यात रिमोटसकट सगळं. मुलासाठी शाळेच्या ग्राउंडवर मस्त आहे. पण जरा वारा आला की पतंगाच्या कागदासारखं उडतं आणि त्याचा रिमोट त्याच्यापुरताच, पुढच्या विमानाला उपयोग शून्य.

इथेच माझं खरं मत सांगतो. विमान मोडणार आहे, रिमोट राहणार आहे. म्हणून पैसे रिमोटवर घाला. फ्लायस्कायचा एफएस-आय६ रिसीव्हरसकट (रिमोटचा सिग्नल घेणारा, विमानात बसणारा भाग) साधारण चार-पाच हजारात बसतो, माझा सात वर्षं झाली चालू आहे, चार पेन्सिल सेल घातले की काम झालं. थोडे जास्त घालायची तयारी असेल तर रेडिओमास्टर पॉकेट बघा, तो यूएसबी केबलने थेट कॉम्प्युटरला जोडता येतो, याचं महत्त्व पुढे कळेल. घेताना मोड २ मागा, म्हणजे थ्रॉटल (मोटर कमी-जास्त करायची स्टिक) डाव्या हाताला. मोड १ वाला चुकून आला तर शिकवणारा कुणी भेटणार नाही.

उरलेल्या पैशात विमान आम्ही घरीच करतो आणि तुम्हीही तेच करावं असं मी म्हणेन, मुलगा ११ वर्षांचा आहे म्हणजे तर नक्कीच. फ्लाइट टेस्ट नावाच्या यूट्यूब चॅनलवाले त्यांचे प्लॅन फुकट देतात, त्यातलं टायनी ट्रेनर किंवा सिंपल कब घ्या, कागद जोडून फोमशीटवर चिकटवायचे, कटरने कापायचं, ग्लूगनने जोडायचं. यांची मोटर पुढे असते, मघाशी सांगितलं त्याच्या उलट, पण एक प्रॉप म्हणजे किती पैसे, सोबत चार घेऊन ठेवायचे. सिंपल कबसाठी ए२२१२ मोटर, ३० अँपिअरचा ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट), चार एसजी९० सर्वो (पंख-शेपटीच्या फळ्या हलवणाऱ्या छोट्या मोटर), तीन सेलची बॅटरी आणि बॅलन्स चार्जर (सगळे सेल सारखे भरणारा), सगळं मिळून रिमोटच्या आसपास खर्च येतो. टायनी ट्रेनर त्याहून लहान असतं, त्याला मोटर आणि बॅटरी छोटी लागते, प्लॅनसोबत लिहिलेली असते तीच घ्या. स्वतः केलेलं विमान मोडलं तर रडू येत नाही, रात्री जेवण झाल्यावर बसायचं आणि सकाळी परत माळावर. दुकानातलं मोडलं की माणूस सहा महिने हात लावत नाही.

पण उडवायच्या आधी सिम्युलेटर. हे टाळू नका, मी टाळलं. पिकासिम नावाचं फुकट आहे, मोबाइलवर पण चालतं, पण बोटाने नाही, खऱ्या रिमोटच्या स्टिकवर करा, म्हणून ती केबल. विमान आपल्यापासून लांब जातंय तोवर सगळं सोपं, ते वळून आपल्याकडे यायला लागलं की डावं-उजवं उलटं होतं आणि तिथेच सगळे पडतात. मला एका म्हाताऱ्या काकांनी एक युक्ती सांगितली, ते पूर्वी एनसीसीच्या एअर विंगमध्ये मॉडेलिंग करायचे, म्हणाले समोरून येणाऱ्या विमानाचा जो पंख खाली गेलाय त्या बाजूला स्टिक ढकल, त्या पंखाखाली टेकू लावल्यासारखी. बस्स, डावं-उजवं विसरायचं, टेकू लक्षात ठेवायचा. मुलाला हे पाच मिनिटांत जमेल, तुम्हाला दोन आठवडे लागतील, वाईट वाटून घेऊ नका.

ड्रोनवर आधी शिकू का असं पण लोक विचारतात. बहुतेक ड्रोनच्या स्टिक सोडल्या की तो आहे तिथे थांबतो, विमान थांबत नाही, त्यामुळे त्याचा फार उपयोग होत नाही.

जायरोबद्दल दोन मतं आहेत. माझं मत, असू दे, पण बंद करायला स्विच पाहिजे. आणि उडवायच्या आधी विमान हातात धरून उजवा पंख खाली करा, उजव्या पंखाचं एलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेची हलणारी फळी) खाली गेलं पाहिजे. वर गेलं तर जायरो उलटा बसलाय, तो विमानाला वाचवणार नाही, उलथवणार. तसंच विमानाच्या मागे उभं राहून स्टिक उजवीकडे, उजवं एलेरॉन वर. स्टिक पोटाशी, एलेव्हेटर (शेपटीची आडवी फळी) वर. हे दर वेळी, दर उड्डाणाआधी. फक्त रडरवर (शेपटीच्या उभ्या फळीवर) वळणारं, एलेरॉन नसलेलं तीन चॅनेलचं विमान केलं तर रडरच्या सर्वोची वायर रिसीव्हरमध्ये एलेरॉनच्या चॅनेलला लावा, म्हणजे वळायचं काम उजव्याच हाताकडे राहतं आणि पुढच्या विमानाला सवय मोडायला लागत नाही.

सीजी म्हणजे तोल. पंखाखाली दोन बोटं ठेवून विमान उचलायचं, बोटं पंखाच्या पुढच्या कडेपासून साधारण पाव ते एक तृतीयांश अंतरावर, पंख पुढून मागे १८ सेंमी रुंद असेल तर साडेचार ते सहा सेंमीवर. विमान सपाट राहिलं किंवा नाक जरासं खाली झुकलं तर उडवा. शेपूट खाली गेलं तर उडवू नका, बॅटरी पुढे सरकवा, नाहीतर नाकात एक रुपयाची नाणी चिकटवा. माझ्या एका विमानात सात रुपये आहेत.

फेकताना पुढे फेकायचं, वर नाही, वाऱ्याकडे तोंड करून, पोटाखाली धरून. मोटर मागे असेल तर हात प्रॉपच्या वाटेत येत नाही ना ते बघा, आणि घरी सेटिंग करताना प्रॉप काढूनच ठेवा. उडाल्यावर पहिलं काम उंची घेणं, आणि उंची थ्रॉटलने घ्यायची, स्टिक ओढून नाही. खाली अंतर असलं तर चूक सुधारायला वेळ मिळतो.

बॅटरीचं थोडक्यात. लायपो (या विमानांची लिथियम पॉलिमर बॅटरी) भरलेली ४.२ व्होल्ट प्रत्येक सेलला, ३.५ च्या खाली नेऊ नका, फार खाली गेली की खराब होते, फुगते. रिमोटमध्ये सहा मिनिटांचा टायमर लावा. ठेवून द्यायची असेल तर ३.८ वर. चार्जिंग मातीच्या कुंडीत, समोर बसून, गादीवर कधीच नाही. फुगलेली बॅटरी "अजून एकदा चालेल" म्हणून वापरू नका.

कुठे उडवायचं हा आपल्याकडे विमानापेक्षा मोठा प्रश्न. ड्रोन नियम २०२१ प्रमाणे २५० ग्रॅम ते २ किलोतलं हौसेखातर उडवायला पायलट लायसन्स लागत नाही, पण जागा बघायला लागते, सरकारच्या डिजिटल स्काय वेबसाइटच्या नकाशावर हिरवा, पिवळा, लाल झोन दिसतो, हिरव्यातच जा आणि १२० मीटरच्या खाली राहा. पुण्यात असाल तर लोहगावला एअरफोर्स आणि खडकवासल्याला एनडीए, आमच्याकडे कोल्हापूरला उजळाईवाडीचा विमानतळ, त्यांच्या आसपास नको. मुंबईत तर पोलिसांचे मनाईचे आदेश अधूनमधून निघतात, त्यात रिमोटवर उडणारी विमानं पण येतात. सोपा उपाय म्हणजे गावाकडे जाणं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, सकाळी सात ते नऊ, वारा झोपलेला असतो. दुपारनंतर नको. घारी असतात, विमानावर झडप घालायला बघतात, थोडा वेळ उतरवून चहा प्यायचा, जातात.

आणि उसाच्या बाजूला उडवू नका. माळ कितीही मोठा असू दे, विमान उसातच जातं, का ते देवाला ठाऊक. उभ्या उसात शिरलं की वरून दिसत नाही आणि आत शिरलात तर पाल्याने हात-तोंड कापून निघतं. वीस रुपयांचा बझर लावा आणि विमानावर मार्करने मोबाइल नंबर लिहा. माझं दुसरं विमान, हाताने केलेलं पहिलं, असंच गेलं. दोन रविवार शोधलं, नाही मिळालं. तीन महिन्यांनी फोन आला, ऊसतोडीच्या टोळीतल्या एका बाईला पाचटात सापडलेलं, शेजारच्या फडात तोड चालू होती तिथे जाऊन घेतलं. पंख उंदराने कुरतडलेला, बॅटरी उशीसारखी फुगलेली, एका सर्वोत मुंग्यांचं घर. मोटर आणि रिसीव्हर मात्र अजून वापरतोय, सध्या ते सात रुपयेवाल्या विमानात आहेत.