टिळकवाडीतलं जुनं घर हाती घेताना

आजोबांचं १९६० च्या सुमाराचं घर पाडायचं नाही असं ठरवलंस, फार बरं वाटलं.

पहिला पावसाळा नुसतं बघ. कौल कुठं सरकलंय, भिंत कुठं ओल धरते, ते बेळगावचा पाऊसच दाखवतो. आधी कौलं, मग वायरिंग. लाकडी पट्टीवरची जुनी वायर काढून अर्थिंगसकट तांब्याची नवी टाक, तिथं जुनं जपायची हौस नको.

लाल कोब्याच्या जमिनीवर टाइल्स घालू म्हणून गवंडी मागं लागेल. ऐकू नकोस, आणि ॲसिडनं तर मुळीच धुवू नकोस. माझ्या पडवीत तो फिकट डाग अजून आहे. साबणाच्या पाण्यानं पुसून मेण घासलं की पुरे.

सागवानी खुर्ची तासायच्या आधी मागच्या पायावर स्पिरिटचा बोळा फिरव. चिकट झालं तर ते चपडीचं, म्हणजे लाखेचं पॉलिश. त्यावरच नवा हात देता येतो. आणि वेताची बैठक फाटली म्हणून फोम ठोकू नकोस रे! भिजवून विणलेला वेत वाळताना असा ताणतो, की टिचकी मारली तर टणटण वाजतो. विणणारा मिळेपर्यंत खुर्ची तशीच राहू दे.