उद्यानातला जिओकॅश शोधताना

जुन्या उद्यानात पहिल्यांदाच जिओकॅश (म्हणजे कुणीतरी लपवलेली, जीपीएसच्या खुणेवरून शोधायची डबी) शोधणार असशील, तर फोनवर फार विसंबू नकोस. दाट झाडांखाली जीपीएस सहज 5-10 मीटर चुकतं. जवळ पोचलास की फोन खिशात टाक आणि डोळे वापर. व्यायामाच्या साधनांवर बरेचदा चुंबकाची नॅनो डबी असते, करंगळीच्या पेराएवढी. बोल्ट समजून नजर पुढे सरकते. बैठकीखालून, पाइपच्या आतल्या बाजूने बोट फिरव. आसपास लोक असतील तर तूही थोडे हातपाय हलव, संशय येत नाही (आणि व्यायाम होतो तो वेगळाच!). स्मारकाचे दगड, भिंतीच्या फटी मात्र अजिबात उचकटायच्या नाहीत. डबी सहसा पुरलेली नसतेच. डबीतल्या कागदावर सही करायला पेन स्वतःचं ने. सही झाली की कागदाची सुरळी घट्ट वळ, नाहीतर झाकण बसत नाही.