वाचकांचे प्रश्न : पूर ओसरल्यानंतर

प्रश्न : मी मोहोळ तालुक्यातील सीनाकाठच्या एका गावात मुख्याध्यापिका आहे. सप्टेंबर २०२५ च्या महापुरात निम्मे गाव आमच्या शाळेच्या वरच्या मजल्यावर मुक्कामाला होते. माणसांची यादी, जेवण, गोळ्या-औषधे, लहान मुलांचे दूध, सगळे माझ्याच गळ्यात पडले आणि मी ते निभावले. एक आजोबा मात्र वाहून गेलेल्या म्हशीचा कासरा हातात धरून जिन्यावर बसून राहिले होते; त्यांच्याशी काय बोलावे हे मला अखेरपर्यंत सुचले नाही. आता इतके महिने उलटल्यावर माझीच झोप उडाली आहे, वर्गात मुलांवर विनाकारण ओरडते, सत्काराचे निमंत्रण आले की पोटात गोळा येतो. मी खचले आहे का? आणि पुढच्या पावसाळ्यात पुन्हा माझ्यावरच वेळ आली तर काय तयारी ठेवू?

उत्तर : संकट चालू असताना हाताला काम असते आणि ते काम माणसाला उभे ठेवते. काम संपते, पाहुणे-पुढारी परततात, आणि तोवर थोपवून धरलेला शिणवटा व भीती अंगावर येतात. त्यामुळे पुराच्या दिवसांत सर्वांत खंबीर दिसलेली व्यक्तीच नंतर ढासळल्यासारखी वाटणे मुळीच दुर्मीळ नाही, आणि तो स्वभावाचा दुबळेपणाही नव्हे. बहुतेकांचे असे दचकणे, चिडणे आणि झोपमोड काही आठवड्यांत आपोआप कमी होते. परंतु एक महिन्याहून अधिक काळ त्रास टिकला आणि कामावर परिणाम होऊ लागला, तर तज्ज्ञांना दाखवावे असा वैद्यकशास्त्राचा संकेत आहे. आपण ती मर्यादा केव्हाच ओलांडली आहे. सोलापूरच्या सिव्हिलमध्ये, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, मनोविकार विभाग आहे. तेथवर जाणे लगेच जमत नसेल, तर केंद्र सरकारच्या ‘टेली-मानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसा-रात्री केव्हाही, विनाशुल्क आणि मराठीतून बोलता येते. सत्काराचे म्हणाल, तर शाल-नारळाला नम्रपणे नकार देण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे. आयोजकांना खरोखर कृतज्ञता वाटत असेल, तर त्यांनी शाळेच्या खोल्यांतील उरलेला गाळ काढून द्यावा.

आता त्या आजोबांविषयी. अशा वेळी ‘धीर धरा, सगळे ठीक होईल’ असे म्हणण्याचा किंवा ‘काय झाले ते मोकळेपणाने सांगा’ असा आग्रह धरण्याचा मोह आपल्याला होतो. संकट ओढवल्यावर लगेच सर्वांना गोळा करून घडलेले सविस्तर सांगायला लावणे हा उपाय जागतिक आरोग्य संघटनेने नाकारला आहे, कारण त्याने पुढचा त्रास टळतो असे दिसून आलेले नाही. तिने सुचवलेला मानसिक प्रथमोपचार अगदी साधा आहे : कोणाला तातडीची गरज आहे ते पाहावे, तो बोलेल तेवढेच ऐकावे आणि त्याला लागणाऱ्या मदतीशी जोडून द्यावे. यातला तिसरा भाग आपल्याकडे सर्वाधिक दुर्लक्षिला जातो. म्हैस गेली म्हणजे रोजचे दूध, डेअरीचा पगार आणि घरातला त्यांचा मान हे सगळेच गेले. अशा माणसाशेजारी बसून म्हशीचा रंग, वेत, खूण, असल्यास कानातल्या बिल्ल्याचा क्रमांक कागदावर लिहून घ्यावा, शेजाऱ्यांपैकी कोण साक्ष देईल ते विचारावे, आणि तलाठी व पशुवैद्यकीय अधिकारी पंचनाम्याला येतील तेव्हा तो कागद आजोबांच्याच हातून त्यांना द्यावा. यात दुःखाबद्दल एक शब्दही बोलावा लागत नाही. आजोबा गावातच असतील तर आजही जाऊन मदतीची रक्कम जमा झाली का, एवढे विचारता येईल.

पुढच्या पावसाळ्याच्या तयारीत पहिली गोष्ट म्हणजे सगळे आपल्या एकटीच्या गळ्यात पडू न देणे. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने जिल्ह्याची जबाबदारी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील प्राधिकरणाकडे दिली आहे, पण मध्यरात्री दोन वाजता शाळेचे कुलूप उघडणारा माणूस गावातलाच असतो. किल्ली दोन घरी ठेवा. यादी, स्वयंपाक, जनावरे आणि आजारी माणसे या चार कामांना प्रत्येकी दोन नावे आताच ठरवा, आणि एक जण जागा असताना दुसऱ्याने झोपायचेच, हा नियम ग्रामसभेत सर्वांसमोर सांगून टाका. सांगितला नाही तर पाळला जाणार नाही. आपल्या गावांत काम करणाऱ्या बाईला झोपायला कोणी सांगत नाही.

दुसरी गोष्ट माहितीची. पुरात पाण्याइतकीच ‘धरण फुटले’ ही आरोळी माणसांना पळायला लावते. सीनेला त्या वेळी आलेले पाणी केवळ गावात पडलेल्या पावसाचे नव्हते; वर सीना-कोळेगाव, चांदणी आणि खासापुरी प्रकल्पांतून विसर्ग सुरू होता, आणि तेथून आपल्यापर्यंत पाणी पोहोचायला काही तास लागतात. म्हणून तहसील कार्यालयाच्या नियंत्रण कक्षाशी बोलण्याचे काम एकाच व्यक्तीकडे द्यावे आणि तिने ठरावीक वेळी सर्वांसमोर उभे राहून माहिती सांगावी. सांगण्यासारखे नवे नसेल, तरीही ‘विसर्ग तेवढाच आहे, पुढचे सहा वाजता सांगतो’ असे सांगितलेच पाहिजे. ठरलेल्या वेळी कोणीच आले नाही, तर ती जागा अफवा घेते.

प्रश्न : सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत माझा लहानसा टॉवेल कारखाना आहे. मे २०२५ मध्ये याच वसाहतीतील एका टॉवेल कारखान्याला पहाटे लागलेल्या आगीत आठ जणांचा मृत्यू झाला. तेव्हापासून माझ्याकडील रात्रपाळीचे कामगार धास्तावलेले असतात. मी पुष्कळ हिंमत देतो, पण उपयोग होत नाही.

उत्तर : हिंमत देणे थांबवावे. सुताचे बाचके, यंत्रमागाभोवती साचणारा तूस आणि जुनी वायरिंग यांच्यामध्ये रात्र काढणाऱ्या माणसाची भीती अनाठायी नाही, आणि तिला भेकडपणा समजल्यास तो आपल्याशी बोलणेच बंद करील. त्याऐवजी त्यांच्यापैकीच दोघा-तिघांना, कांड्या भरणाऱ्या एखाद्या बाईसह, कारखाना फिरून धोक्याच्या जागा दाखवायला सांगावे आणि त्यांनी दाखवलेल्यांपैकी निदान एक गोष्ट त्याच आठवड्यात दुरुस्त करावी. मागचे दार आतून, किल्लीशिवाय उघडलेच पाहिजे. आवारात कुटुंबे राहत असतील, तर आधी त्यांची राहण्याची सोय बाहेर करावी. यावर दुसरे मत असू नये. त्यानंतर अग्निशमन दलाच्या मदतीने बाहेर पडण्याचा सराव घ्यावा, तो रात्रपाळीतच आणि दिवे घालवून, आणि सूचना मराठीबरोबर तेलुगू, कन्नड व उर्दूतही द्याव्यात, कारण घाबरलेल्या माणसाला घरची भाषा लवकर कळते. सरावाच्या रात्री आपण कार्यालयात न बसता कामगारांबरोबर अंधारातून बाहेर यावे. वाटेत कोणते बाचके आडवे येते हे मालकाला तेव्हाच समजेल, आणि ते हलवण्याचा हुकूम त्याच रात्री निघेल.