लिटरमागचा हिशेब

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र सावकाश वाचलं. दुधाचा दर उतरलाय, पेंड महागलीय आणि घरात दोन मतं पडलीत. एक म्हणतं गोठा मोडून टाकू. दुसरं म्हणतं कर्ज काढून आणखी चार गाई आणू, दूध वाढेल आणि खड्डा भरून निघेल. आज या दोन्हींतलं काहीच करू नकोस, आणि दुसरं तर मुळीच नको. वैरण-खुराकाचा (चारा आणि पेंड-भरड्याचा) खर्चसुद्धा जिथे दरातून सुटत नाही, तिथे लिटर वाढले की तोटाच वाढतो. तो तोटा कोणत्या गाईत आहे आणि कोणत्या दिवसांत आहे, हे आधी शोधायला हवं.

दराचं थोडक्यात सांगतो. धान्य घरात ठेवून भावाची वाट बघता येते. दूध दोन वेळा काढावंच लागतं आणि लगेच घालावंच लागतं. विकणारा थांबू शकत नाही हे घेणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं. त्यात जादा दुधाची पावडर आणि लोणी होतं, आणि त्यांचा भाव जगाच्या बाजारावर हलतो. ऑगस्ट २०१४ मध्ये रशियाने युरोपसह अनेक देशांचे दुग्धपदार्थ घेणं बंद केलं, त्याच सुमारास चीनची खरेदी मंदावली, आणि १९८४ पासून युरोपात दूध उत्पादनावर असलेली कोट्याची मर्यादा मार्च २०१५ अखेर उठली. पावडरीचे भाव कोसळले. ज्यांनी रशियाला कधी थेंबभर दूध विकलं नव्हतं, अशा गोठ्यांनाही त्याची झळ बसली. २०२२ मध्ये युक्रेनच्या युद्धाने धान्य आणि खतं महाग केली, म्हणजे मार खर्चाच्या बाजूने आला. तेव्हा दर पडला म्हणून स्वतःला दोष देत बसू नकोस. पण खर्चातला बराचसा भाग तुझ्या गोठ्यातच घडतो, आणि तिथे तुझा हात पोचतो.

रोज एक आकडा काढायची सवय लाव: एका लिटर दुधाच्या पैशात किती किलो खुराक येतो? दीड किलोच्या वर येत असेल तर बरे दिवस समजायचे. तो किलोच्या आसपास उतरला की खुराकावर दूध ओढणं परवडत नाही, मग घरच्या वैरणीवर जितका भार टाकता येईल तितका टाकायचा. दर एकटा बघून काही कळत नाही, पोत्याची किंमत एकटी बघूनही नाही. दोन्हींचं प्रमाण बघायचं.

आता मुख्य गोष्ट. तू लिहिलंस, एक गाय बावीस लिटरवर जाते म्हणून ती गोठ्याचा कणा आहे. ती बावीस लिटर किती दिवस देते, आणि मधले किती दिवस नुसती खाते? समज, तुझी ही गाय ३६० दिवस सरासरी १३ लिटरने दूध देते आणि पुढचं वेत मागच्या वेतापासून ५४० दिवसांनी येतं. एकूण ४,६८० लिटर झाले. ते ५४० दिवसांवर वाटले की दिवसाला ८.७ लिटर पडतात. तिच्या शेजारची तुझी साधी गाय सतरा लिटरच्या वर कधी गेली नाही, पण ३०५ दिवस सरासरी १२ लिटर देते आणि ४०० दिवसांत पुन्हा विते. तिचे ३,६६० लिटर होतात, म्हणजे दिवसाला ९.१५. जिला तू साधी म्हणतेस ती पुढे निघाली, तीही कमी खाऊन आणि वासरं लवकर देऊन. बावीस लिटरवालीचे १८० भाकड दिवस कुणी मोजतच नाही, कारण त्या दिवसांची पावती कुठूनच येत नाही. आपल्या धंद्यातला सगळ्यात मोठा खर्च मला हाच वाटतो, आणि तो कुठल्याच वहीत लिहिलेला नसतो.

गाय सुमारे २८० दिवस गाभण असते. वर्षाला एक वेत हवं तर व्यायल्यानंतर ८५ दिवसांच्या आत ती गाभण राहिली पाहिजे. दर गाईला हे जमत नाही, पण १२० दिवसांपर्यंत तरी जमावं. माज, म्हणजे गाय गाभण राहू शकते ती वेळ, साधारण २१ दिवसांनी येतो. एक माज चुकला की २१ दिवसांची वैरण, खुराक आणि मजुरी त्या वेतावर चढते. माज बऱ्याचदा रात्री किंवा पहाटे येतो, आणि दिवसातून दोनदा धारेच्या गडबडीत बघितलं तर तो निसटतो. धारा झाल्यावर, गोठा शांत असताना, पंधरा-वीस मिनिटं नुसती उभी राहा. कोणती गाय दुसरीवर चढते, कोणती अंगावर चढू देते, कुणाच्या शेपटीला काचेसारखा स्वच्छ सोट (चिकट स्राव) चिकटलाय, कुणी अचानक दूध चोरलं, हे बघ. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी भरव (रेतन करून घे), संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या सकाळी. आणि भरवली म्हणजे गाभण राहिली असं कधी धरू नकोस. दोन महिन्यांनी डॉक्टरांकडून तपासून घे. सोनोग्राफीची सोय असेल तर महिन्याभरातच कळतं. रिकामी गाय गाभण समजून पोसण्याइतकी महागडी चूक दुसरी नाही.

खर्च कमी करायचा म्हटलं की लोक आधी खनिज मिश्रण बंद करतात, मग भाकड गाईचा खुराक, मग वासराचं दूध. तिन्ही ठिकाणी हात आखडला की सहा महिन्यांनी ते पैसे दामदुपटीने जातात. भाकड गाय दिसायला बिनकामाची, पण व्यायच्या आधीचे ४५ ते ६० दिवस तिची कास पुढच्या वेतासाठी तयार होत असते आणि पोटातलं वासरू झपाट्याने वाढत असतं. वासराला जन्मल्यावर पहिल्या दोन तासांत चीक पाजायचा. दिवस उलटला की त्यातली रोगप्रतिकारक शक्ती त्याच्या आतड्यातून रक्तात उतरतच नाही. जी कालवड पुढे तुझी गाय होणार, तिच्यावरची काटकसर मला कधीच पटली नाही.

मग कात्री लावायची कुठे? वेताच्या शेवटाकडे आलेल्या, गाभण ठरलेल्या आणि अंगाने भरलेल्या गाईंना चढत्या दुधाच्या वेळचाच खुराक चालू असतो, तिथे. अशा गाईचा अर्धा किलो कमी कर आणि आठवडाभर दूध मोजत राहा. कमी झालेल्या दुधाची किंमत वाचलेल्या खुराकापेक्षा कमी असेल तर तो अर्धा किलो वायाच जात होता. नुकत्या व्यायलेल्या गाईवर मात्र हा प्रयोग करू नकोस. दीड-दोन महिन्यांत ती शिखराला पोचते, आणि तिथे जे हुकलं ते सगळं वेतभर हुकतं.

चारा विकत घेताना वजनाला भुलू नकोस. कोवळ्या हिरव्या चाऱ्यात ८० टक्क्यांपर्यंत पाणीच असतं. १०० किलोत कोरडा भाग २० किलो. चांगल्या मुरघासात (हवाबंद मुरवलेल्या चाऱ्यात) तोच ३० ते ३५ किलो निघतो. भाव नेहमी कोरड्या भागावर काढ, म्हणजे स्वस्त काय आणि नुसतं ओलं काय ते कळेल. आणि पाणी! दुधात ८७ टक्के पाणी असतं. गाईसमोर दिवस-रात्र स्वच्छ पाणी ठेवण्याइतका स्वस्त उपाय या धंद्यात दुसरा नाही, तरीही कित्येक गोठ्यांत दिवसातून दोन-तीनदाच पाणी दाखवतात.

दुसरी लपलेली गळती कासेत असते. सुप्त कासदाहात, म्हणजे कासेच्या बाहेरून न दिसणाऱ्या दाहात, दूध दिसायला ठीक, कास मऊ, गाय खाते-पिते, आणि तरी दूध रोज थोडं कमी. चार खळग्यांचा तपासणीचा ट्रे घे. प्रत्येक खळग्यात एकेका सडाच्या दोन धारा, त्यात तेवढंच तपासणीचं द्रावण, आणि हलकेच गोल फिरव. निरोगी सडाचं दूध पातळ राहतं, बिघडलेल्याचं चिकट होऊन घट्ट व्हायला लागतं. महिन्यातून एकदा हे कर. धार झाल्यावर सड जंतुनाशकात बुडव आणि लगेच ताजी वैरण टाक, म्हणजे सडाचं तोंड मिटेपर्यंत गाय अर्धा तास उभी राहील.

विक्रीच्या बाजूलाही थोडं सुटतं. दूध वजनाने घेतात की मापाने, ते विचार. १०० किलो दूध म्हणजे जवळपास ९७ लिटर. मोजायचं किलोत आणि पैसे लिटरचे, असं असेल तर आकडा कसा बदलतात ते समजून घे. फॅट (स्निग्धांश) आणि एसएनएफची (स्निग्धांश सोडून दुधातल्या बाकी घन भागाची) पावती दर वेळी माग आणि जपून ठेव. फॅट एकाएकी उतरली तर यंत्राला दोष देण्याआधी गव्हाण बघ. खुराक जास्त आणि वैरण कमी झाली की रवंथ कमी होतो आणि फॅट पडते. दराची बोलणी मात्र एकटीने करू नकोस. एका गोठ्याच्या दुधाला कुणी विचारत नाही. दहा-वीस गोठ्यांचं दूध एकत्र असलं, दर्जा सारखा असला आणि पावत्या हातात असल्या, तर समोरच्याला ऐकून घ्यावं लागतं.

आणि तुझी, आईची, भावाची मजुरी वहीत लिहायला लाग. ती धरूनही जी गाय दोन वेतं आपला खर्च काढत नाही, ती विकायची. तिच्यावर जीव आहे हे मला माहीत आहे. तरीही विकायची, म्हणजे उरलेल्यांना पोटभर घालता येईल.

पुढच्या पत्रात प्रत्येक गाईच्या तीन गोष्टी कळव: शेवटची व्यायली कधी, भरवली कधी, आणि आजचं दोन्ही वेळचं दूध. जिच्यापुढे मधली तारीख कोरी असेल तिच्यापासून सुरुवात करू. तोवर कर्जाच्या कागदावर घरात कुणी सही करू नये, एवढं सांग.

तुझा,
काका