शुगर उतरते, पण घाम येत नाही

प्रश्न : माझे वडील ६८ वर्षांचे असून बरीच वर्षं इन्सुलिन घेतात. पूर्वी शुगर उतरली की त्यांना दरदरून घाम सुटायचा, हात थरथरायचे. आता मीटरवर ५२ दिसलं तरी म्हणतात, "मला काही होत नाही." शरीराला सवय झाली, हे चांगलंच ना?

– एक वाचक, सांगली

उत्तर : नाही. सवय झाली आहे ती मेंदूला, आणि धोका तिथेच आहे.

मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के, पण आरामात बसलेल्या माणसाच्या ऊर्जेतला पाचवा हिस्सा तो एकटा खातो. शिल्लक मात्र जवळपास शून्य! म्हणून मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमस या भागातल्या काही पेशी पहाऱ्यावर असतात. ग्लुकोज जाळून त्या एटीपी, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू, बनवतात. एटीपी घटलं की त्यांतल्या काहींच्या आवरणातली पोटॅशियमची दारं उघडतात, त्यांचे विद्युतसंदेश मंदावतात आणि अॅड्रेनलिन हे संकटकाळचं संप्रेरक (हॉर्मोन) सोडण्याचा हुकूम निघतो. घाम, थरथर, धडधड ही त्या धावपळीची चिन्हं. निरोगी माणसात अॅड्रेनलिन ६५-७०च्या सुमारास वाढू लागतं, लक्षणं ५५च्या आसपास जाणवतात, ५०च्या खाली विचारच गडबडतो. शुगर वारंवार उतरत राहिली की धोक्याची घंटा आणखी उशिरा वाजते, म्हणजे बोलणं अडखळू लागल्यावर.

ही जाणीव बऱ्याच जणांत परतते, पूर्ण नाही तरी काही अंशी. त्यासाठी दोन-तीन आठवडे शुगर एकदाही ७०च्या खाली जाऊ द्यायची नाही. डोस डॉक्टरांकडूनच बदलून घ्या. रात्री ३ वाजताही तपासा, कारण झोपेत अॅड्रेनलिनचा प्रतिसाद मुळातच मंद असतो. रक्तदाबासाठी बीटा-ब्लॉकर चालू असेल तर थरथर आणि धडधड दबते, घाम मात्र येतो. तेही डॉक्टरांना विचारा.

७०च्या खाली दिसलं, की बरं वाटत असलं तरी १५ ग्रॅम ग्लुकोज पावडर पाण्यातून द्या. १५ मिनिटांनी पुन्हा मोजा. अजून कमी असेल तर तेवढीच परत. पेढा किंवा चॉकलेट नको, त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर रक्तात उशिरा पोचते. व्होग्लिबोज ही मधुमेहाची गोळी चालू असेल तर घरातली साखरही भरवशाची नाही: ती आतड्यात फोडणारं विकरच (एन्झाइम) ही गोळी अडवते. तिथे ग्लुकोजच हवं.

शुद्ध हरपली तर तोंडात काहीही घालू नका. कुशीवर वळवा, १०८ला फोन करा.